सोलरची सबसिडी अडते कुठे? खान्देशातल्या घरमालकांसाठी, मीटरच्या नावापासून खात्यात पैसे येईपर्यंत

आपल्याकडे घरावर सोलर टाकायचं ठरलं की पहिला फोन जातो व्हेंडरला. तो येतो, गच्चीवर एक चक्कर मारतो, "तीन किलोवॉट टाकून घ्या भाऊ, अठ्ठ्याहत्तर हजार तर सरकारच देतं" म्हणतो आणि ॲडव्हान्स घेऊन जातो. मग एकेक गोष्ट कळायला लागते. मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. गच्चीच्या दक्षिणेला पाण्याची टाकी आहे. पोर्टलवर मोबाईल नंबर आपला नाही, व्हेंडरच्या पोराचा आहे. सबसिडी अडकलेल्या घरांमध्ये पॅनेल बहुधा ठणठणीत चालत असतात. चुकलेला असतो तो क्रम. म्हणून पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या, आणि टप्पा 6 येईपर्यंत व्हेंडरला एक रुपयाही देऊ नका.

## आधी हिशेब: किती मिळतात आणि कशावर

केंद्राच्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18,000 रुपये मिळतात. म्हणजे 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000, 3 ला 78,000. त्यापुढे 5 बसवा की 10, सबसिडी 78,000 च. अपार्टमेंट किंवा सोसायटीच्या सामाईक वापराला (जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप) किलोवॉटमागे 18,000 आहेत. योजनेची मुदत 2026-27 या आर्थिक वर्षापर्यंत आहे.

यात एक बारकावा आहे, तो कोटेशन हातात पडल्यावर लक्षात ठेवा. पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांतली जी कमी, तिच्यावर सबसिडी ठरते. 540 वॉटचे 5 पॅनेल म्हणजे 2.7 किलोवॉट. व्हेंडर तोंडाने त्याला "तीनचा सेट" म्हणतो, पण सबसिडी बसते 60,000 अधिक 0.7 किलोवॉटचे 12,600, म्हणजे 72,600. तोच सेट 6 पॅनेलचा आणि सोबत 3 किलोवॉटचा इन्व्हर्टर असेल तरच पूर्ण 78,000. आणि 6 पॅनेलला 2 किलोवॉटचा इन्व्हर्टर जोडून दिला असेल, तर हिशेब 2 वर येऊन थांबतो.

महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारची 'स्मार्ट' नावाची वेगळी भर आहे, 1 किलोवॉटच्या संचाला. संचाची किंमत 50,000 धरली आहे. केंद्राचे 30,000 वजा जाता दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याकडून 17,500 मिळतात, म्हणजे घरातून फक्त 2,500 जातात. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला राज्याचे 15,000 आणि इतरांना 10,000. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूरच्या पट्ट्यात दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढ्यावर चालणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांनी मोठ्या सेटच्या मागे न लागता महावितरणच्या उपविभाग कार्यालयात आधी याची चौकशी करावी.

जीएसटीही बघून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून सोलरच्या सामानावरचा कर 12 टक्क्यांवरून 5 वर आला. बसवून देण्यासह पूर्ण काम घेतलं तर 70 टक्के रकमेवर 5 आणि 30 टक्के रकमेवर 18 लागतो, एकूण 8.9 टक्के. कोटेशनवर अजून 13.8 टक्के दिसत असेल तर तो कागद जुना आहे.

यात काय बसत नाही: दुकानाचं व्यापारी कनेक्शन, शेतीपंपाचं कनेक्शन, बॅटरी, आणि उंच स्ट्रक्चरचा जादा खर्च. मळ्यात राहणाऱ्यांचा इथे हटकून गोंधळ होतो. घर मळ्यात आहे, दिवे लागतात, पण वीज शेतीपंपाच्या लाईनवरून घेतलेली, घरगुती मीटरच नाही. मग आधी घरगुती कनेक्शन घ्या. विहिरीवरचा सौरपंप ही 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही वेगळी योजना आहे, तिचे कागद इथे चालत नाहीत.

## टप्पा 1: मीटर कोणाच्या नावावर आहे ते बघा

घोडं पेंड खातं ते इथे. अर्ज भरता भरता कोणीतरी म्हणतंच, "मीटर ते बाबाना नाववर शे, आते?" आते काय, आता थांबायचं आणि नाव बदलून घ्यायचं. वीजग्राहक, अर्जदार आणि बँक खातेदार ही तिन्ही नावं एकाच माणसाची हवीत. "मुलाच्या नावाने अर्ज करू, पैसे त्याच्या खात्यात घेऊ" हे पोर्टल मान्य करत नाही, कारण ग्राहक क्रमांक टाकला की नाव महावितरणच्या नोंदीतूनच समोर येतं.

बिल काढा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: 12 अंकी ग्राहक क्रमांक, 4 अंकी बिलिंग युनिट, आणि नाव जसं छापलंय तसं, अक्षर न अक्षर. मग आधार आणि पासबुक शेजारी ठेवून जुळवा. बिलावर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब, आधारवर पूर्ण नाव, पासबुकावर नुसती आद्याक्षरं, असा संसार बऱ्याच घरांत आढळतो. एखाद्या अक्षराचा फरक कधीकधी खपून जातो, पण पूर्ण नाव विरुद्ध आद्याक्षर हे बहुधा अडतं. तिन्हींतलं सगळ्यात सोपं दुरुस्त होतं ते पासबुक, म्हणून सुरुवात बँकेपासून करा.

मीटर वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांचं संमतीपत्र आणि घराच्या मालकीचा पुरावा जोडून नावबदलाचा अर्ज करा. तो महावितरणच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरूनही होतो. मालकीचा पुरावा म्हणून गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा लागतो. त्याऐवजी तलाठ्याकडचा 8-अ घेऊन येणारे कमी नाहीत. 8-अ शेतजमिनीच्या खात्याचा असतो, घराचा नाही. शहरात मालमत्ता कराची पावती किंवा सिटी सर्व्हेचा उतारा चालतो.

भावाभावांचं घर असेल तर संमतीपत्रावर सह्या करायला सगळे एकत्र भेटणं हेच मोठं काम. सुरत-पुण्याकडे गेलेला भाऊ आखाजीला घरी येतो, त्या दिवसांत हा कागद करून टाका. आणि गच्ची सामाईक असेल तर पॅनेल कोणत्या बाजूला बसणार तेही त्याच कागदावर लिहून घ्या. पुढे त्याने वर मजला चढवला की तुमच्या पॅनेलवर सावली येते, आणि तोवर बोलायची सोय राहिलेली नसते.

तपासा: जुनी थकबाकी शून्य आहे का? बिलाला जोडलेला मोबाईल नंबर आज तुमच्या हातात आहे का? त्याच मीटरवर पूर्वी सोलरची सबसिडी उचललेली नाही ना? तिन्हींचं उत्तर समाधानकारक असेल तरच पुढे.

## टप्पा 2: आधी वापर उतरवा, मग सोलर मोजा

हा टप्पा सगळे गाळतात, कारण त्यावर थेट सबसिडी नाही. पण प्रत्येक वाचलेलं युनिट सोलरचा आकार कमी करतं. जुना पंखा 70 ते 80 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 28 ते 35. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पंखा बंद होत नाही. चार पंखे रोज 14 तास धरले तर बदलल्यावर महिन्याला साधारण 70 युनिट वाचतात. म्हणजे अर्ध्या किलोवॉटहून जास्त पॅनेलचं काम पंख्यांनीच केलं.

एसी किंवा फ्रिज बदलायचाच असेल तर सोलरच्या आधी बदला आणि बीईईच्या लेबलवर तारे मोजताना लेबलचं वर्षही वाचा. मानकं दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे नव्या लेबलवर पाच राहतीलच असं नाही. एसीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला आहे, तेवढीच सवलत. गच्चीला चुना मारायचा असेल तर तोही आत्ताच, पॅनेल बसल्यावर खाली हात पोचत नाही.

## टप्पा 3: किती किलोवॉट? मे महिन्याचं बिल बाजूला ठेवा

व्हेंडर कोणतं बिल मागतो ते बघा. मे-जूनचं मागत असेल तर तो तुमची गरज मोजत नाहीये, विक्री मोजतोय. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर जातो, कूलर रात्रंदिवस चालतो, आणि त्या महिन्याचं युनिट वर्षाचं खरं चित्र दाखवत नाही.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. सलग 12 महिन्यांची बेरीज करा. 1 किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिट, महिन्याला 120 युनिट देतं असं धरा.

एक घर घेऊ. नऊ महिने 130 युनिट, एप्रिल ते जून 260 युनिट. वर्षाचे झाले 1,950, महिन्याची सरासरी 162. भागिले 120 म्हणजे जेमतेम 1.35 किलोवॉट. मेच्या बिलावरून मोजलं तर 2.2 येतात, आणि व्हेंडर त्याचे 3 करतो.

मग दीड किलोवॉट बसवायचं का? इथे नेट मीटरिंगचा नियम आडवा येतो आणि खान्देशाला तो जरा जास्तच बोचतो. तुम्ही ग्रीडला दिलेली जादा युनिटं महिन्यामागून महिना पुढे जमा होतात, पण 31 मार्चपर्यंतच. त्या दिवशी उरलेली युनिटं महावितरण ठरलेल्या दराने विकत घेतं. तो दर आपण बिलात मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. 1 एप्रिलला खातं पुन्हा शून्यावर. म्हणजे थंडीत साठवलेली युनिटं उन्हाळ्याच्या तोंडावरच हातची जातात आणि कूलरचा हंगाम रिकाम्या खात्याने सुरू होतो.

म्हणून वरच्या घरासाठी माझं मत 2 किलोवॉट. एप्रिल ते जूनमध्ये महिन्याला 240 च्या आसपास युनिटं मिळतील, कूलरचा खर्च बव्हंशी निघेल, आणि 30,000 चा दर दोन्ही किलोवॉटना लागू पडेल. तिसरा किलोवॉट घ्यायचा तो एसी असेल किंवा वर्षभराची सरासरी 250 च्या पुढे जात असेल तरच. तिसऱ्याला सबसिडी 18,000 आणि त्याच्यातून येणारी वीज मार्चअखेर स्वस्तात जाणारी, हा व्यवहार पंखा-कूलरच्या घराला परवडत नाही.

सावधान: "बिल शून्य येईल" हे वाक्य कोणी बोललं तर विश्वास ठेवू नका. स्थिर आकार दर महिन्याला लागतोच. शून्याच्या जवळ जातो तो ऊर्जा आकार, म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे.

सावधान: साधा ऑन-ग्रीड संच लाईट गेली की बंद पडतो, भर दुपारच्या उन्हातसुद्धा. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच केलेलं असतं, तो बिघाड नाही. लाईट नसताना वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. बॅटरीला सबसिडी नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती गच्चीवरच्या खोलीत ठेवली तर लवकर मरते.

## टप्पा 4: गच्ची मोजा, पण सावली डिसेंबरची धरा

1 किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट सावलीमुक्त जागा धरा. तोंड दक्षिणेला, कल 20 अंशांच्या आसपास.

सर्वेक्षण उन्हाळ्यात झालं की हमखास फसवणूक होते, आणि त्यात व्हेंडरचा दोष असतोच असं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य जळगावच्या बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीचीही सावली पडत नाही. त्या दिवशी सगळी गच्ची मोकळी वाटते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य 45 अंशांवरच असतो, म्हणजे प्रत्येक वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी, उत्तरेकडे. सकाळी नऊ-दहाला तर त्याहून लांब. कठड्यासह 8 फुटांवर गेलेली पाण्याची टाकी दुपारी 8 फूट जागा खाते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी तारेने जोडलेल्या ओळीतल्या बाकीच्यांचं उत्पादन घसरतं. म्हणून टाकी, जिन्याची खोली, डिशचा खांब, शेजारच्या कडुलिंबाचा शेंडा, सगळ्यांची उंची मोजा आणि तेवढं अंतर उत्तरेला सोडा. टाकी हलवता येत असेल तर पॅनेलच्या उत्तरेला न्या. प्लंबरचा खर्च एकदाच होतो.

छताचा प्रकारही निर्णय बदलतो:

- आरसीसी स्लॅब: सगळ्यात सोपं. स्ट्रक्चरचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवणार की सिमेंटच्या ठोकळ्यांवर, हे आधी विचारा. भोकं पाडणार असतील तर गळती रोखायची जबाबदारी लेखी घ्या.
- धाब्याचं घर: मातीच्या धाब्यावर थेट वजन टाकू नका. पाय रोवायला आत काही नसतं, आणि पहिल्या पावसात पायाशीच गळायला लागतं. मागच्या बाजूला स्लॅबची मोरी-संडासची खोली असेल तर तिथे 1 किलोवॉट बसतो का बघा, नाहीतर जमिनीतून खांब घेऊन स्ट्रक्चर उभारावं लागतं.
- लोखंडी पत्रे: पत्र्याखालच्या पर्लिनला (आडव्या लोखंडी पट्ट्यांना) पकड मिळाली तर चालतं.
- सिमेंटचे पत्रे: माणूस वर चढला की फुटतात. टाळाच.

उंच स्ट्रक्चर घ्यायचं का, हा प्रश्न घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ठरवू नका. मार्चमध्ये गच्चीवर पापड, कुरडया, शेवयांचं वाळवण पडतं, आणि मेमध्ये अर्धं घर तिथेच झोपतं. सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर केलं तर खालची जागा मोकळी राहते, पण खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोरही. रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तो वारा पॅनेललाही सोडत नाही. उंच घ्यायचं तर गॅल्व्हनाइज्ड पाइप, आडवे-तिरके आधार आणि प्रत्येक पायाला पुरेसं काँक्रीट, यात काटकसर नको.

## टप्पा 5: अर्ज, तुमच्याच हाताने

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी होते. राज्य, जिल्हा, वितरण कंपनी म्हणून महावितरण, मग ग्राहक क्रमांक. काम अर्ध्या तासाचं आहे. कॉलेजात जाणारं पोर घरात असेल तर त्याला बसवा, नाहीतर आपले सरकार केंद्रात जा, पण ओटीपी येणारा मोबाईल आणि ईमेल तुमचाच द्या. हा नंबर व्हेंडरचा टाकला तर पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्या फोनवर होतो, आणि त्याच्याशी बिनसलं की तुमचाच अर्ज तुम्हाला उघडता येत नाही.

भरताना दोन ठिकाणी हात थांबवा. सबसिडी स्वेच्छेने सोडून देण्याचा पर्याय पोर्टलवर असतो, घाईत त्यावर टिचकी मारू नका. दुसरं, क्षमतेच्या रकान्यात टप्पा 3 मध्ये काढलेलाच आकडा टाका.

10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक पाहणीसाठी अडून राहावं लागत नाही. मंजूर भार कमी असेल तर तोही वाढवून धरला जातो, म्हणून "आधी लोड वाढवून आणा" म्हणत कोणी वेगळे पैसे मागत असेल तर लेखी कारण मागा.

कर्ज लागत असेल तर ते याच वेळी. 3 किलोवॉटपर्यंतच्या संचाला सरकारी बँका 2 लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, अर्ज जनसमर्थ पोर्टलवरून जातो. व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराच्या अर्धा टक्का वर. 10 टक्के रक्कम आपली घालावी लागते. बँकेत एकच गोष्ट विचारून घ्या: सबसिडी बचत खात्यात येणार की कर्जखात्यात वळती होणार? कर्जखात्यात जाणार असेल आणि तुम्ही बचत खात्याकडे डोळे लावून बसलात, तर विनाकारण तक्रारी करत फिराल.

## टप्पा 6: आता व्हेंडर

पोर्टलवर नोंदणीकृत व्हेंडरांची यादी आहे. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर सबसिडी विसरा, मग तो गावातला किती का ओळखीचा असेना. निदान तिघांकडून कोटेशन घ्या आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचा. एकूण रक्कम सगळ्यात शेवटी बघायची. आधी हे:

पॅनेल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर आहेत का? सबसिडीसाठी तेच लागतात. साधे पॅनेल स्वस्त पडतात, आणि कोटेशन संशय येण्याइतकं खाली असेल तर कारण बहुधा हेच असतं. "मेड इन इंडिया" एवढं लिहिलेलं पुरत नाही, कारण परदेशी सेल आणून इथे जोडलेल्या पॅनेलवरही ते लिहिलेलं असतं. "डीसीआर" हा शब्द, कंपनी, वॉट आणि नग, चारही कोटेशनवर हवेत.

इन्व्हर्टरची क्षमता आणि त्याची वॉरंटी. अर्थिंग किती? तीन वेगवेगळी हवीत: पॅनेलच्या बाजूचं, घरच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं (आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या सळईचं). नेट मीटरचे, तपासणीचे पैसे कोण भरणार? पाच वर्षांची देखभाल योजनेप्रमाणे व्हेंडरवर आहे, तर पॅनेल धुणं त्यात धरलंय का?

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: करार झाल्यावर काही, सामान गच्चीवर आल्यावर बहुतेक, आणि नेट मीटर चालू झाल्यावर शेवटचा हप्ता. हा शेवटचा हप्ता हातात राहिला तरच व्हेंडर महावितरणच्या ऑफिसात तुमच्यासाठी खेटे घालतो.

सावधान: "सबसिडी वजा करून द्या, ती आम्ही आमच्या खात्यात घेतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. सबसिडी ग्राहकाच्याच खात्यात येते. यासाठी तुमचं पासबुक, कोरा सही केलेला चेक किंवा ओटीपी मागणाऱ्याला घरात चहासुद्धा पाजू नका.

## टप्पा 7: बसवण्याचा दिवस

पोर्टलवर मंजुरी आणि व्हेंडरशी करार, दोन्ही झाल्याशिवाय पॅनेल गच्चीवर चढवू देऊ नका.

सामान आलं की पॅनेलच्या मागचं लेबल वाचा आणि प्रत्येकाच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, बसवण्याआधीच. नंतर मागे हात जात नाही. हेच नंबर पोर्टलवर चढतात आणि डीसीआर प्रमाणपत्रावरही असतात. तिथे एक आकडा चुकला तरी फाईल परत येते.

इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर नको. दुपारी त्या भिंतीला हात लावून बघा, कारण कळेल. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीवर, वारा खेळता असेल तिथे लावा. अर्थिंगच्या खड्ड्यात भरणा पूर्ण घालून घ्या. आपली जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क पडते आणि कोरड्या खड्ड्यातलं अर्थिंग नावापुरतं उरतं, म्हणून त्यात पाणी ओतायला पाइप वर ठेवा.

शेवटी तुमच्यासह संचाचा जिओटॅग (जागेची नोंद असलेला) फोटो लागतो. अर्जदार आई असेल तर आईलाच गच्चीवर यावं लागेल, जिना चढणं अवघड असेल तर त्याची सोय आधी करा.

## टप्पा 8: नेट मीटर आणि तपासणी

व्हेंडर पोर्टलवर काम पूर्ण झाल्याचं भरतो, महावितरणचा माणूस येऊन संच तपासतो, नेट मीटर बसतो आणि कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर दिसतो. या अहवालाशिवाय सबसिडीचं पान उघडत नाही.

नेट मीटर बसण्याआधी व्हेंडर "चालवून तर बघू" म्हणत संच चालू करून जातात, आणि तो तसाच चालू राहतो. जुने मीटर काही वेळा बाहेर गेलेली वीजही वापरलेली म्हणून मोजतात. दिवसा घरात कोणी नसताना बिल उलट वाढतं. तपासणी होईपर्यंत संच बंद ठेवा.

तपासा: अहवालात संचाची क्षमता किती नोंदली आहे? 3.24 च्या जागी 3 चालेल, सबसिडी तीच. पण 3 च्या जागी 2.7 पडले असतील तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा.

## टप्पा 9: सबसिडीची मागणी

अहवाल आला की पैसे आपोआप येतील असं समजून बसणारे बरेच आहेत. येत नाहीत. पुन्हा पोर्टलवर जाऊन बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पान चढवून मागणी करावी लागते. चेकवर नाव छापलेलं नसेल तर पासबुकाचं पान द्या. सहकारी बँकेत खातं असेल तर तिचा आयएफएससी कोड पोर्टल घेतं का ते आधी बघा. पतसंस्थेचं खातं चालणार नाही, राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा पोस्टाच्या बँकेत उघडून ठेवा.

मागणी पूर्ण झाल्यावर साधारण 30 दिवसांत पैसे येतात असं योजनेत म्हटलं आहे. उशीर झाला तर आधी पोर्टलवरची स्थिती वाचा, फाईल नेमकी कोणाकडे थांबली आहे ते तिथे दिसतं. बँकेने नावावरून परत पाठवली असेल तर महावितरणला भेटून उपयोग नाही, आणि अहवालात चूक असेल तर बँकेत जाऊन उपयोग नाही. योजनेची मदत 15555 वर आणि महावितरणची 1912 वर मिळते. तक्रार केल्यावर क्रमांक मागून लिहून ठेवा.

## पहिली दोन बिलं आणि धुळीचा हंगाम

पहिल्या बिलावर आयात आणि निर्यात अशी दोन वाचनं वेगळी दिसली पाहिजेत. निर्यात कोरी असेल तर मीटर नव्या पद्धतीने नोंदला गेलेला नाही, लगेच कळवा. इन्व्हर्टरच्या ॲपवरचं महिन्याचं उत्पादन आणि बिलावरची निर्यात सारखी नसते. दिवसा घरातच वापरलेली वीज मीटरपर्यंत जातच नाही.

मेमध्ये उत्पादन मार्चपेक्षा कमी दिसलं तर घाबरू नका. पॅनेलची क्षमता 25 अंशांवर मोजलेली असते आणि आपल्या उन्हात पॅनेल 65 च्या पुढे तापतं. त्यावरच्या दर अंशाला उत्पादन साधारण एक तृतीयांश टक्क्याने घटतं, म्हणजे ऊन रणरणतं असूनही 12 ते 15 टक्क्यांची तूट तिथेच.

धूळ मात्र आपल्या हातात आहे. कापसाची रानं उलंगली की मार्चपासून वावटळी सुटतात आणि काचेवर थर बसतो. तेव्हा पंधरा दिवसांनी धुवा, सकाळी सूर्य तापायच्या आत. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, मऊ फडकं लांब काठीला बांधा, आणि कडेला साचलेलं पाणी ओढून काढा.